कस्तुरीला सांगायच्या गोष्टी

ऐका

"नमस्कार! 'शाळा कानावर' ऐकताय तुम्ही. मी सौंदर्या, इयत्ता सातवी. आजच्या भागाचं नाव आहे, आमच्या घरातला आवाज. हा आवाज माझ्या आज्जीचा आहे. ती कस्तुरीची धार काढते आहे. कस्तुरी म्हणजे आमची म्हैस."

(चरवी फरशीवर टेकते. शेपटीचा फटकारा.)

"बा, बा, बा... नन्न तायी... सुम्न निंद्र. हल तिकडं भवाने, पायावर पाय दिलास की माझ्या! हां. आता ऐक. काल काय झालं सांगती. आमची सून हाय न्हवं, आजऱ्याची? हितं येऊन इतकी वर्सं झाली, अजून तुझ्याखाली बसायला भेती. काजू सोलल्याली बोटं ती. तुझ्या सडाला लागली तर तू लाथ घालशील. घाल, घाल. आमटीत मीठ टाकती ते बी काजू मोजल्यागत..."

(चरवीत पहिली धार पडते. मागे पोरीचं दाबलेलं हसू.)

थांबवा

निर्मलानं हे पहिल्यांदा ऐकलं ते डेअरीच्या रांगेत, दुसऱ्याच बाईच्या फोनवर.

शनिवारची संध्याकाळ होती. कुरुंदवाडच्या या बाजूला शनिवारी शाळेचा तो भाग सगळ्यांच्या फोनवर यायचा. उसाच्या हंगामात आईबाप पालक सभेला येत नाहीत, म्हणून पूर्णिमा बाईंनी ही शाळा थेट शिवारात धाडली होती. पोरं बोलायची, बाई मधेमधे सांगायच्या की परीक्षा कधी आहे, कोणाचे दात किडलेत, कोणत्या वर्गाला पाढे कच्चे आहेत. वाचता न येणारी माणसंही ऐकायची. वैरण कापताना, टायरगाडी हाकताना, चुलीपुढं. निर्मलाही ऐकायची आणि सौंदर्याचा आवाज लागला की गॅस बारीक करायची.

त्या दिवशी रांगेतली सगळी मान वळवून तिच्याकडं बघू लागली.

"काय गं काजूवाली," मागून कोणीतरी म्हणालं, "मीठ मोजून आणलंस का आज?"

हशा झाला. निर्मला किटली दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिची बोटं खरंच तशी होती. लग्नाआधी आजऱ्यात काजूच्या कारखान्यात टरफलं फोडताना त्यातलं तेल बोटांत मुरलेलं. कातडी सोलून निघाली, नवी आली, पण नखांच्या कडेचा काळेपणा गेला नाही. तिनं बोटं किटलीच्या कडीखाली लपवली.

सोमवारी ती शाळेत गेली. पूर्णिमा बाई नुकत्या फळा पुसत होत्या.

"बाई, आमच्या घराची शोभा करायला ठेवलीया व्हय शाळा?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "वहिनी, मला वाटलं, आज्जींच्या बोलण्यात इतकी माया आहे..."

"माया? गाव हसतंय मला! पोरगी सातवीत हाय, तिला काय कळतंय? तुमाला तर कळाय पायजे हुतं. काढून टाका ते. आत्ता. माझ्यापुढं."

बाईंनी तिच्यापुढंच तो भाग काढला. वर्गातली पोरं बघत होती. सौंदर्या शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली होती, आणि ती मान घरी येईपर्यंत वर झाली नाही.

आक्कांना, म्हणजे निर्मलाच्या सासूला, काहीच वाटलं नाही. सुपारी कातरत उंबऱ्यात बसल्या होत्या.

"आत्ती, असं बोलतात व्हय घरचं?"

"मी म्हशीला सांगितलं," आक्का म्हणाल्या. "गावाला न्हाय."

मागे घ्या

संक्रांत झाली आणि उसाला तोड आली. तिचा नवरा राजशेखर पहाटे फडात जायचा तो दिवस मावळताना यायचा; कधी टोळी कमी, कधी भरलेला ट्रॅक्टर वाफ्यात रुतलेला. त्याच धामधुमीत एका सकाळी आक्का गोठ्यात शेणावरून घसरल्या. खुब्याचं हाड. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हटल्यावर लेकीच्या घरीच खाट पडली. सुष्मिता वन्संचं घर शिवाजी पेठेत, तालमीच्या मागं.

आक्का तिकडं, कस्तुरी इकडं.

पहिल्या वेळेला निर्मला बसली. डोकं म्हशीच्या कुशीला लावलं, चरवी गुडघ्यांत धरली, सडाला तूप लावलं. आक्का जे जे करायच्या ते सगळं केलं. चुळकाभर दूध आलं. मग कस्तुरीनं अंग चोरलं आणि कास अशी ताठ झाली की जणू आत काही नव्हतंच.

राजशेखर बसला. त्याला लाथ बसली.

कस्तुरीचं रेडकू दिवाळीच्या सुमाराला दगावलं होतं. तेव्हापासून ती फक्त आक्कांच्या तोंडाला पान्हा सोडायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचं आक्कांनीच ठेवलं नव्हतं. सुनेला शिकव म्हणून लेकानं किती वेळा सांगितलं, तर म्हणायच्या, "मी काय मेली हाय?"

शेजारचा सयाजी आला. कास दाबून बघितली, जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

"दगड व्हाय लागलीया. वहिनी, मी सांगू? सुई मार. पान्ह्याची सुई. टोचली की झरझर."

"आत्तींनी कधी टोचू दिली न्हाय."

"आक्का हायत का हितं बघायला?"

"त्या न्हाईत म्हणून तर," निर्मला म्हणाली.

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. कास शेका, म्हणाले, आणि काही करून दूध बाहेर काढा. तटून राहिलं तर सड जातील. निर्मला गरम पाण्यात फडकं पिळून शेकू लागली. हात भाजायचे. कस्तुरी मान वळवून दाराकडं बघायची. सून आली तरी दाराकडं, लेक आला तरी दाराकडं.

मग फोन लावला. सुष्मिता वन्संनी तो आक्कांच्या तोंडापुढं धरला, सौंदर्यानं इकडं कस्तुरीच्या कानापाशी. औषधांनी आक्कांचा आवाज पार बसलेला.

"बा... बा..." मग बराच वेळ नुसता श्वास. मग, "ठेव गं तो फोन. मला न्हाय जमत." आणि मागून वन्संचा आवाज, "रडू नगंस की, आक्का."

त्या संध्याकाळी राजशेखर उसाच्या पाचटानं चिरलेले हात धूत म्हणाला, "बाजाराला जनावरं घेणारा हेडी येतोय. दाखवतो त्याला. अजून कास शाबूत हाय तवर कुणीतरी बांधून नेईल."

"आत्ती काय म्हणतील?"

"आक्काला मी सांगतो."

"काय सांगशीला? पडल्या त्या हिच्या पायाशी, आणि उठून बघत्यात तर हीच न्हाय?"

राजशेखरनं हातांवरचं पाणी झटकलं. टॉवेलनं बोटांच्या फटी पुसत राहिला.

भांडी घासताना सौंदर्या हळूच म्हणाली, "आई, आज्जीचा चांगला आवाज हाय की."

"कुठं?"

पोरगी खाली बघत ताट घासत राहिली. निर्मलाला कळलं. तिच्या हातातली परात तशीच राहिली.

"ज्या फोनात घेतलास त्यात न्हाय?"

"पप्पांचा फोन भरला म्हणून पुसला. बाईंच्याकडं हुता. तू काढायला लावलास."

तुकडे

शाळेच्या फाटकापाशी निर्मला किती तरी वेळ उभी होती. पोरांचा पाढ्यांचा आवाज येत होता. पायांत राजशेखरची चप्पल होती, हे तिला तिथं उभं राहिल्यावर दिसलं.

बाई स्वतःच बाहेर आल्या. "वहिनी? आत या की."

"न्हाय. हितंच." निर्मलानं पदर तोंडाशी धरला. "बाई, ते त्या दिवशी... तुमी पुसून टाकलंसा न्हवं?"

"लोकांपुढून काढलं."

"म्हंजी हाय?"

"मूळ आहे माझ्याकडं. सौंदर्यानं दिलं होतं तसंच, सगळं. पुसायला बोट जात नव्हतं माझं." बाईंनी हातावरची खडूची पूड झटकली. "तुम्हाला विचारायला हवं होतं, वहिनी. आधी. ते तुम्ही त्या दिवशी बरोबर बोलला होता. आता आम्ही प्रत्येकाला ऐकवून, विचारून मगच लावतो. तुमच्यामुळं."

निर्मला तयारी करून आली होती ती सगळी बोलणी खाण्याची. हे ऐकायची नव्हे. तिनं उगाच फाटकाची कडी घातली, काढली.

"म्हस आटाय लागलीया," ती म्हणाली.

आणि मग तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं. बाई शिवाजी पेठेतल्या. दूध पिशवीतून येतं एवढंच त्यांना लहानपणापासून माहीत. पान्हा म्हणजे काय, हेही निर्मलालाच सांगावं लागलं. पण ऐकून घेतलं त्यांनी सगळं, आणि मधल्या सुट्टीत डबा न उघडता फोन घेऊन बसल्या. घंटा झाली तेव्हा निर्मलाच्या फोनवर एकामागून एक आवाज टपकत होते.

"अख्खंही पाठवलंय आणि तुकडेही केलेत," बाई म्हणाल्या. "पोरांना कविता अशीच देते. एक तुकडा ऐकायचा, थांबायचं, तसंच म्हणायचं. मग पुढचा."

"मला कशाला तुकडे? म्हशीला ऐकवायचाय."

"असू द्यात."

त्याच संध्याकाळी सौंदर्यानं फोन गव्हाणीवर ठेवला आणि मोठ्यानं लावला. *बा, बा, बा... नन्न तायी...*

कस्तुरीचे कान उभे राहिले. ती ओरडली. असं ओरडणं रेडकू गेलं त्या दिवशी ऐकलेलं. तिनं दोराला हिसका दिला, दाराकडं वळायला बघितलं, निर्मलाला भिंतीशी दाबलं, चरवी लाथाडली. फोन गव्हाणीतून घसरून शेणात पडला, आणि तिथूनही आक्का बोलतच होत्या. *सुम्न निंद्र. हल तिकडं भवाने...*

"बंद कर! बंद कर त्ये!"

आवाज होता आणि माणूस नव्हतं. जनावरालाही ते सोसलं नाही.

निर्मला कोपर चोळत फरशीवर बसली. सौंदर्यानं फोन ओढणीनं पुसून आईला दिला, आणि चोरट्यागत म्हणाली, "बाईंनी तुकडे का केलं असतील?"

पुन्हा ऐका

फडातून वाड्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर आणताना निर्मलाच्या एका कानात वायर होती.

*बा, बा, बा.* थांबा. ती म्हणायची, "बा, बा, बा."

आजऱ्याची जीभ. कानडी तिच्या कानावरून लग्नापासून जात होती, पण तोंडात कधी आली नव्हती. आक्का दोन्ही भाषा एकाच घोटात बोलायच्या आणि निर्मला आपल्याला समजेल तेवढी निवडून घ्यायची. आता एकेक शब्द दाताखाली धरून बघत होती. नन्न तायी. माझे आई. म्हशीला आई म्हणतात या. सुम्न निंद्र. गप उभी रहा.

तोडकरी बाया बघायच्या. "काय गं, फोनवर कुणाशी बा-बा करतीस?"

"सासूशी," निर्मला म्हणाली, आणि स्वतःच हसली.

कडबाकुट्टीत वाडं सारताना. शेणाच्या पाट्या उचलताना. कास शेकताना तर पुटपुटतच. कस्तुरी कान हलवायची. लाथ कमी झाली. चुळकाभराचं ओंजळभर झालं. पण पान्हा नव्हे. आणि बाजार जवळ येत होता; सयाजी कुंपणावरून विचारायचा, "मग? ठरलं काय?"

ती रोज एकाच जागी थांबवायची. *आता ऐक. काल काय झालं सांगती. आमची सून...* इथं तिचं बोट पडायचंच. पुढचं तिला पाठ होतं. डेअरीच्या रांगेत पाठ झालेलं.

एका दुपारी तिचे दोन्ही हात शेणात होते. बोट पडलं नाही.

आक्का बोलत राहिल्या. आजऱ्याची बोटं झाली, मीठ झालं, आणि मग चरवीत धार पडली. निर्मलानं पाटी खाली ठेवली. हात तसेच बरबटलेले, ती उभी राहून ऐकू लागली. *...आणि लेक तर त्याहून शाणा. मोटर बंद करायला इसरला, समदं पाणी सयाजीच्या शेतात. सयाजीनं सांगितलं का? न्हाय. गप पिऊन बसला...* धार आता जाड लागत होती, फेसात पडल्यागत. *...सुष्मीचा फोन न्हाय आला. नवऱ्याशी वाजलं असणार. पोरगी हिकडं फोन धरून बसलीया, धरू दे. माझा गुडघा रातभर ठणकला, कुणाला सांगू? तुलाच सांगती...*

ती उकिडवी बसली. बोटांवरचं शेण वाळू लागलं. मागे जायला हात नव्हते, म्हणून सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"बा, बा" चालू होतं तोवर चरवी रिकामी वाजत होती. धार पडली ती आक्कांनी घरातलं सांगायला घेतल्यावर.

सुनेची उणीदुणी नव्हती ती. आक्का रोज दोन वेळा सगळ्या घराचा हिशेब तिथं रिता करत होत्या. स्वतःचा गुडघासुद्धा. आणि म्हैस काय करत होती, तर ऐकत होती.

नवा भाग

संध्याकाळी निर्मला बसली. कपाळ कुशीला लावलं. म्हशीच्या अंगाला उन्हाचा आणि वाड्याचा गोडसर वास होता. सौंदर्या गव्हाणीपाशी उभी होती, हातात फोन.

"आई, लावू? रेकॉर्डला?"

निर्मलानं कपाळ न हलवता मान डोलावली.

"बा, बा, बा. नन्न तायी. सुम्न निंद्र."

कस्तुरीचे कान मागे आले.

"आता ऐक. काल..." ती अडली. काल काहीच झालं नव्हतं. रोजचंच. "काल काय झालं सांगती. काल... काय न्हाय झालं." सौंदर्या फिसकन हसली. "गप गं. कस्तुरे, ऐक. तुझी आक्का हाय न्हवं? माझी सासू? चहाच्या साखरेचा डबा वरच्या फळीवर ठिवती. का, तर माझा हात पोचू नये म्हणून. मी लहान हाय व्हय?"

बोटांखाली काहीतरी सैल पडलं.

"आणि मी आमटी केली की परत मीठ घालती. बघून घालती, माझ्याकडं. मी आलते तवा मला कानडी येत न्हवती, तर वन्सं आणि ह्या दोघी माझ्यापुढंच कानडीत हसायच्या. मी बी हसायची. कशाला हसलो ते कळायचं न्हाय."

कास भरून आली. तिच्या हातांना ते आधी कळलं, मग तिला. सड जड झाले, गरम झाले. पहिली धार चरवीच्या काठावर लागून बाहेर उडाली, दुसरी आत, तिसरी बरोबर मधोमध.

सौंदर्यानं तोंडावर हात धरला.

"आणि ऐक." निर्मलाचा आवाज आता तिचाच तिला अनोळखी लागत होता. हात थांबत नव्हते. "माझा बाप गेला तवा तोडच चालू हुती. असाच हंगाम. मी आजऱ्याला गेलते. दारात पोचते न पोचते तवर तुझ्या आक्काचा निरोप. टोळीला जेवण कोण घालणार, म्हणली. मी आईच्या गळ्यात बी धड पडले न्हाय. त्याच गाडीनं..."

तिला पुढं बोलवेना. धार बारीक झाली. ती उठली, चरवी उचलली. फेस काठापर्यंत आला होता. राजशेखर कधी येऊन दारात उभा राहिला होता कोण जाणे; अंगभर पाचटाची कुसळं, खांद्यावर कोयता. त्यानं चरवीत बघितलं, बायकोकडं बघितलं.

"हेड्याला फोन करतो," तो म्हणाला. "येऊ नगंस म्हणून."

दुसऱ्या दिवशी निर्मला तापवलेलं दूध तांब्यात घेऊन शाळेत गेली. बाईंना दूध आवडत नसे. पेल्याकडं बघून त्यांचा चेहरा पडला, पण निर्मला समोर उभीच राहिली तेव्हा त्यांनी एका दमात पिऊन टाकलं. वरच्या ओठावर साय राहिली. पोरं खुदखुदली.

"बाई, तुमच्या तुकड्यांनी झालं हो," निर्मला म्हणाली. अजून बरंच बोलायचं होतं. तिनं बाईंचा हात आपल्या काळ्या बोटांत धरला आणि दाबला. लपवायचं राहूनच गेलं.

बाईंनी फोनवरचा नवा भाग ऐकला होता. "हा गावाला ऐकवायचा का नाही, तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर नको."

निर्मलानं विचार केला. "माझ्या एकटीचं न्हाय त्ये. आत्तींचं हाय त्यात. आधी त्यांना ऐकवा. सगळं. आणि त्या काय शिव्या घालतील त्या मला घालू देत."

"मी शनिवारी घरी जातेच आहे. आमच्या पलीकडच्या गल्लीत तुमच्या वन्सं. स्वतः जाते."

"मग जाताना दुधाची किटली बी न्या. म्हणावं, कस्तुरीनं दिलीया."

उरलेलं

शनिवारी धार काढून झाली, किटली डेअरीला जायला तयार ठेवली, तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी आवाज पाठवला होता. सौंदर्यानं लावायच्या आधी आईकडं बघितलं. निर्मला गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि पदर खोचला, भांडणाला बसावं तशी.

(लांबून फुटबॉलच्या मॅचचा गलका. पेला ठेवल्याचा आवाज. पूर्णिमा बाई म्हणतात, "आज्जी, इथं बोला." सुष्मिता म्हणते, "आक्का, जोरात.")

"बोलती की. भैरी न्हाय मी." खोकला. "निर्मला. ऐकलं मी. दोनदा ऐकलं."

मग नुसता गलका. तिकडं कोणीतरी गोल केला असावा.

"बाई इचारत्यात, गावाला ऐकवू का. ऐकवा म्हणलं. पण माझं बी लावा आणि तिचं बी लावा. एकीचंच लावायचं न्हाय. गावाला हसायचंय तर दोघींना हसू दे."

सौंदर्या हसली. निर्मला नाही.

"आणि घाईत उठलीस गं. मला हितं ऐकू आलं. धार बारीक झाली म्हंजी संपली न्हाय, म्हस दम खाती. मागल्या डाव्या सडात अजून तांब्याभर असतंय. रोज सोडलंस तर आटंल ती. बस जा परत." श्वास. पुढचं हळू, जणू फोनपासून तोंड फिरवून. "आणि तिला म्होरलं सांग. तुझ्या बापाचं अर्ध्यातच सोडलंस. त्याच गाडीनं आलीस, मग काय झालं? म्हशीला अर्धं सांगू नये. मला बी धाडा. मी हितं पडूनच हाय."

आवाज संपला. कस्तुरी रवंथ करत उभी होती.

निर्मला उठली. फळीवरचा तांब्या काढला, विसळला. सौंदर्याला म्हणाली, "लाव." मग म्हशीखाली बसली, कपाळ टेकलं, मागच्या डाव्या सडाला हात घातला.

"बा, बा, बा. तर ऐक. त्याच गाडीनं आले. खिडकीला बसलेले. घाट उतरताना..."

तांब्यात धार वाजली.